गल्लीतल्या बेकरीच्या गाड्यावर फणस, कोकम आणि पुरण: इथली चव पेस्ट्रीत उतरते ती कशाने?

कोथरूडकरीण

पुण्यात डहाणूकर कॉलनीत आमच्या चौकाच्या तोंडाशी शनिवार-रविवारी सकाळी बेकरीचा एक गाडा लागतो. राजापूरकडच्या दोघी जावा तो चालवतात. पहाटे घरी भाजलेला माल त्या काचेच्या पेटीत मांडतात आणि अकराच्या सुमारास पेटी बहुधा रिकामी झालेली असते. आपल्याकडे पेस्ट्री म्हटले की जे डोळ्यांपुढे येते, म्हणजे व्हिप क्रीम थापलेला स्पंजचा त्रिकोणी तुकडा, तो या गाड्यावर मिळत नाही. इथे पापुद्र्यांच्या पिठाचे पदार्थ आहेत, खुसखुशीत पारीचे छोटे टार्ट आहेत, आणि त्यांतले सारण फणस, कोकम, ओले खोबरे, पुरण, मेतकूट, लसणीची चटणी असे सगळे आपल्या स्वयंपाकघरातले आहे. इथल्या जवळजवळ सगळ्या जिनसा खाऊन झाल्यावर जे वाटले, ते सविस्तर लिहावे आणि जाणकारांचे ऐकावे, म्हणून हा धागा काढत आहे.

गेल्या काही वर्षांत शहरातल्या बहुतेक बेकऱ्यांत रसमलाई केक, गुलाबजाम चीजकेक, पानाची पेस्ट्री असे प्रकार दिसू लागले आहेत. त्यांतल्या बऱ्याच पदार्थांत खालचा स्पंज तोच, वरचे क्रीमही तेच, आणि नाव बदलते ते इसेन्सच्या बाटलीमुळे व वर ठेवलेल्या एका तुकड्यामुळे. खाताना गोडाखेरीज काही कळत नाही. या गाड्यावर मला जो फरक जाणवला, त्याचे कारण माझ्या मते असे आहे की कोकम, फणस, गूळ, नाचणी या प्रत्येकाला स्वतःची एक प्रकृती असते. कशात पाणी जास्त, कशात आंबटपणा जास्त, कशाला चिकटपणा अजिबात नाही. पेस्ट्री करणाऱ्याने त्या प्रकृतीप्रमाणे पीठ, स्निग्धांश आणि भाजणे बदलले, तरच ती चव पदार्थात उतरते. जिथे हे झाले आहे तिथे पदार्थ उत्तम झाला आहे आणि जिथे झालेले नाही तिथे चांगला कच्चा माल असूनही तो फसला आहे.

सर्वांत आधी कोकमाचा टार्ट. याची पारी नाचणी आणि थोडा मैदा मिळून केलेली आहे. नाचणीत ग्लुटेन नसते, त्यामुळे तिची पोळी लाटताना आपल्याला त्रास होतो. पण टार्टच्या पारीला चिवटपणा नकोच असतो, ती दाताखाली भुगा व्हावी लागते, आणि नाचणी ते काम मैद्यापेक्षा चांगले करते. शिवाय भाजल्यावर तिला जो खमंग, किंचित मातकट वास येतो तो कोकमाच्या आंबटपणाला तोलून धरतो. सारणासाठी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरलेले नाही, कारण त्यात मीठ असते. रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून उन्हात ठेवल्यावर सुटणारा पाक, म्हणजे आपण ज्याला अमृत कोकम म्हणतो तो, अंड्याचा बलक आणि लोणी घालून मंद आचेवर घट्ट केलेला आहे. त्यावर नारळाच्या घट्ट दुधाचा एक पातळ थर. कोकम आणि नारळाचे दूध ही जोडी सोलकढी पिणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेला ओळखीची आहे, आणि तीच इथे गोड होऊन येते. रंगाबद्दल मी मुद्दाम विचारले. थोरल्या जाऊबाईंनी सांगितले की सुरुवातीला त्यांनी कोकम केकच्या पिठातच घालून पाहिले होते. पण सोड्याशी गाठ पडताच त्याचा सुंदर जांभळट लाल रंग मळकट, राखाडी होऊन जातो. कोकमाचा रंग आंबट माध्यमातच लाल राहतो. म्हणून कोकम पिठात घालायचे नाही, सारणातच ठेवायचे, असे त्यांनी ठरवले.

दुसरा, आणि माझ्या मते गाड्यावरचा सर्वोत्तम पदार्थ, म्हणजे फणसाची डॅनिश. डॅनिशच्या पिठात लोण्याचे थर असतात, भट्टीत त्या लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती थर उचलून धरते. वरचे फळ पाणीदार असेल तर मधला भाग फुगत नाही, कच्चा आणि गिच्च राहतो. फणसाबाबत यांनी काय केले आहे ते पाहा. बरक्या फणसाचा रस चाळणीतून काढून, साठे, म्हणजे फणसाच्या पोळ्या, घालण्यापूर्वी आटवतात तसा आटवला आहे आणि त्याचा अगदी पातळ हात पिठावर फिरवला आहे. त्यावर काप्या फणसाचे गरे उभे चिरून मांडले आहेत. बरक्याला वास आणि गोडी, काप्याला चावा. दोन्ही जातींचे गुण एका पदार्थात आणि पाणी जवळजवळ नाही. मी ती डॅनिश उलटी करून पाहिली. तळ कडेपासून मध्यापर्यंत सारखा बदामी होता आणि बोटाने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला. कोणत्याही बेकरीत पेस्ट्री विकत घेताना तिचा तळ पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. वरची चमक अंड्याच्या किंवा साखरेच्या हाताने आणता येते, तळाला मात्र काही लपवता येत नाही.

पुरणाच्या डॅनिशबद्दल इतके चांगले लिहिता येत नाही. पुरण स्वतः सुरेख होते. डाळ पूर्ण शिजलेली, उलथणे उभे राहील इतके घट्ट, जायफळ बेताचे. तरीही पदार्थ जमला नाही. पुरणपोळीत पारी नावापुरती असते आणि पुरण भरपूर. त्या मऊ, पातळ आवरणावर तूप पडले की ती पोळी पूर्ण होते. डॅनिशमध्ये हे प्रमाण उलटे होते. पापुद्रे कोरडे, पुरण कोरडे, आणि दोन्ही मिळून घशाशी अडकतात. तूप वरून सोडले तर पापुद्रे भिजतात. इथे पुरणाला पेस्ट्रीच्या साच्यात बसवले गेले आहे. पुरणासाठी साचा बदललेला नाही.

ओल्या खोबऱ्याचे, गूळ घातलेले सारण भरून केलेली अर्धचंद्राकार पॅटिस बरी आहे, यापलीकडे सांगण्यासारखे नाही. तिखटात मेतकुटाची काडी आणि लसणीच्या चटणीची खारी असे दोन प्रकार आहेत. मेतकुटातल्या डाळी आधीच भाजलेल्या असल्यामुळे ते वरून भुरभुरले तर भट्टीत पटकन करपते आणि कडवट होते. म्हणून यांनी ते घडीच्या आत घातले आहे. काडी मोडली की आधी लोण्याचा आणि मग हिंग-हळदीचा वास येतो. चहाबरोबर हा प्रकार घरी रोज असावा असे वाटते.

किमती अशा आहेत: कोकम टार्ट ७० रुपये, फणस आणि पुरण डॅनिश प्रत्येकी ९०, मेतकुटाच्या काड्यांची पुडी ६०. आपल्या भागात असे काही मिळते का, आणि तिथे इथला जिन्नस व पेस्ट्री यांचा मेळ कसा घातला जातो, हे वाचायला आवडेल.

ताम्हणकाठ

लेख मनापासून लिहिलेला आहे हे जाणवते, तरीही एक मूलभूत शंका मांडतो. फणसाची पोळी, कोकमाचे सरबत, पुरणाची पोळी हे पदार्थ अनेक पिढ्यांच्या अनुभवातून आज आहेत त्या रूपाला आले आहेत. त्यांना लोणी आणि मैद्याच्या पापुद्र्यांत बसवून नेमके काय मिळवायचे आहे? पुरणाच्या डॅनिशबद्दल आपण जे लिहिले आहे, त्यातच माझ्या शंकेचे उत्तर दडलेले आहे, असे मला वाटते. शिवाय ९० रुपयांत गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रात दोन उत्तम पुरणपोळ्या मिळतात. नवीन काही करू नये असे माझे म्हणणे नाही, परंतु नव्या पदार्थाने जुन्यापेक्षा वेगळे काहीतरी द्यावे, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

भट्टीवाला

सांगलीत आमची खारी-टोस्टची भट्टी आहे, त्यामुळे थोडे आतले लिहितो.

ताईंनी तळ पाहण्याचा मुद्दा काढला, तो शंभर टक्के बरोबर आहे. त्याला जोडून पापुद्र्यांच्या स्निग्धांशाबद्दल सांगतो, कारण चव उतरते की नाही हे निम्मे त्यावरच ठरते. आपल्याकडची खारी बहुतेक ठिकाणी मार्गारीनवर किंवा वनस्पती तुपावर होते. त्याचे कारण केवळ स्वस्ताई नाही. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते, तर पीठ व लोणी एकत्र लाटायचे तर लोणी १५ अंशांच्या आसपास हवे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, शेजारी भट्टी पेटलेली असताना, हे साधत नाही. मार्गारीन त्या उष्णतेत टिकते. पण जे मार्गारीन भट्टीजवळ टिकते ते तोंडातही लवकर वितळत नाही. ते टाळूला चिकटून राहते, आणि टाळूवर तो थर बसला की वरचा फणस असो वा आंबा, त्याचा वास पुरता पोहोचत नाही. लोणी अंगाच्या उष्णतेला वितळून निघून जाते आणि मागे फळाची चव मोकळी राहते. त्या दोघी जावा पहाटे काम करतात त्याचे एक कारण हे असणार. जानेवारी २०२२ पासून ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आल्यानंतर मार्गारीन पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले आहे, हेही सांगितले पाहिजे; तरी चवीच्या बाबतीत त्याची लोण्याशी बरोबरी होत नाही.

कोणी तूप वापरा म्हणेल, म्हणून आधीच लिहितो. लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेले बहुतेक पाणी असते. पापुद्रे त्या पाण्याच्या वाफेने उचलले जातात. तुपात पाणी नसते, म्हणून तुपाचे साटे, म्हणजे तूप आणि पीठ फेसून केलेला लेप, लावून केलेला पदार्थ चिरोट्यासारखा खुसखुशीत होतो, पण डॅनिशसारखा हलका आणि उंच होत नाही. तीनपदरी घडी ३ वेळा घातली की लोण्याचे २७ थर होतात. डॅनिश आणि क्रोसाँला तेवढे पुरतात. खारीच्या पिठाला तशाच ६ घड्या घातल्या तर ते ७२९ होतात. प्रत्येक घडीनंतर पिठाला विसावा द्यावा लागतो, नाहीतर ते आक्रसते आणि थर फाटतात. ९० रुपये जे लागतात ते या वेळेचे आणि लोण्याचे आहेत.

गुळाचेही सांगतो. साखरेच्या जागी तितकाच गूळ घातला आणि पदार्थ तसाच होईल अशी अपेक्षा ठेवली, तर निराशा होते. गूळ हवेतली ओल ओढून घेतो, त्यामुळे बिस्किटाचा कुरकुरीतपणा टिकत नाही, आणि तो भट्टीत साखरेच्या आधी काळपट होतो. आम्ही गुळाच्या बिस्किटांना भट्टीची आच कमी ठेवतो आणि वेळ थोडा वाढवतो. खोबऱ्याच्या पॅटिसबद्दल ताईंनी फार लिहिले नाही, पण मला शंका आहे की ती सकाळी नऊला चांगली आणि अकराला मऊ लागत असणार.

कोथरूडकरीण

भट्टीवाला, आपला अंदाज अचूक आहे. पॅटिस उशिरा घेतली की खालून ओलसर लागते. गुळाचा हा गुणधर्म वाचल्यावर कारण कळले.

ताम्हणकाठ, आपली अपेक्षा अवाजवी अजिबात नाही. पुरणाच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत आहे. परंतु कोकमाचे उदाहरण घ्या. कोकम आपण सरबतात पातळ करतो, आमटीत आमसूल घालून बाजूला काढतो, कढीत नारळाच्या दुधाने सौम्य करतो. कोकमाचा घट्ट, रेशमी गोळा चमच्याने खावा असा पदार्थ निदान माझ्या माहितीच्या घरांत होत नाही. टार्टमध्ये ती चव प्रथमच एकवटून समोर येते. नवीन काहीतरी मिळते, ते हे. आणि बेकरीतल्या ज्या जिनसा आज आपण आपल्या मानतो, त्यांचा इतिहासही असाच सरमिसळीचा आहे. नानकटाईचा संबंध सुरतेच्या डच वखारीशी आणि तिथल्या पारशी भटारखान्याशी जोडला जातो. मुंबईच्या इराणी हॉटेलांतला मावा केक म्हणजे विलायती केकात आपला खवा. पुण्याच्या कॅम्पातल्या ज्या श्रूसबरी बिस्किटासाठी सकाळी रांगा लागतात, त्याचे नाव इंग्लंडमधल्या गावाचे आहे आणि ते आज पुण्याची ओळख म्हणून पाहुण्यांच्या हाती दिले जाते.

अनघा_व्रत

माहितीपूर्ण धागा आहे. आमच्या घरी अंडे चालत नाही, आणि चातुर्मासात तर कांदा-लसूणही नसते. या गाड्यावर आमच्यासाठी काय आहे, हे कृपया सांगावे.

कोथरूडकरीण

डॅनिशच्या पिठात त्या अंडे घालत नाहीत. वरून चमक येण्यासाठी दूध आणि साय यांचा हात देतात. मेतकुटाच्या काडीतही अंडे नाही, मात्र मेतकूट त्यांचे घरचे आहे, तेव्हा त्यात काय काय आहे ते विचारून घ्यावे. कोकम टार्टमध्ये बलक आहे. बिनअंड्याचा टार्ट त्या आदल्या दिवशी सांगितल्यास मक्याच्या पिठावर घट्ट करून देतात. मी दोन्ही शेजारी ठेवून खाऊन पाहिले. बिनअंड्याच्या टार्टमध्ये कोकमाचा आंबटपणा अधिक स्वच्छ लागतो, फक्त पोत थोडा खिरीकडे झुकतो.

सासष्टीकर

गोव्यातून लिहितो. धागाकर्तीने मांडलेला विचार मला आमच्या पावाच्या संदर्भात फार महत्त्वाचा वाटला. आपण सारे स्थानिक चव म्हणजे सारण असे धरून चाललो आहोत. आमच्या पोदेरांच्या, म्हणजे पाव भाजणाऱ्यांच्या, पावात मात्र सारण नसतेच. उंडो, काटरे पाव, कोंड्याची पोय, बांगडीसारखे कडक कांकण, हे सगळे पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण एवढ्यावर उभे आहेत. पूर्वी हे आंबवण माडाच्या सुरेने, म्हणजे माडीने, होत असे, आणि त्या पावाला जी हलकी आंबूस गोडी यायची ती इथल्या माडाची होती. माडावर चढणारे रेंदेर कमी होत गेले, सूर दुर्मीळ आणि महाग झाली, बाजारातले यीस्ट आले आणि ती चव बहुतेक ठिकाणी गेली. पावाचा आकार तोच राहिला, लाकडाची भट्टीही पुष्कळ ठिकाणी राहिली, पण आतली चव बदलली. सासष्टीतल्या माजोर्डे गावी जेझुइट पाद्र्यांनी स्थानिकांना पाव भाजायला शिकवले असे सांगतात. तेव्हा यीस्टच्या जागी सूर वापरणे हीच त्या परक्या पदार्थाला इथला करणारी पहिली गोष्ट असणार.

गोडाच्या बाबतीतही आमच्याकडे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. बेबिंकासुद्धा थरांची आहे, पण तिचे थर लाटून घडी घातलेले नसतात. नारळाचे दूध, अंड्यांचे बलक, साखर, थोडे पीठ आणि जायफळ यांचे पातळ मिश्रण तुपावर ओतून वरच्या आचेने एक थर भाजायचा, मग त्यावर दुसरा. परंपरेने ७, आणि कोणी १६ पर्यंत घालतात. नारळाच्या दुधाचा पदार्थ करायचा तर थर असेच रचावे लागतात, कारण त्या दुधाला लोण्यासारखे लाटता येत नाही. तुम्ही जिन्नसाच्या प्रकृतीबद्दल लिहिले आहे, त्याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. २०२३ मध्ये बेबिंकाला भौगोलिक मानांकनही मिळाले. तुमच्या गाड्यावरच्या बायांनी पुरणाला डॅनिशमध्ये न घालता असा थरावर थर भाजून पाहावा. नारळाच्या दुधात सैल केलेले पुरण, वरून आच, मध्ये तुपाचा हात. पापुद्र्यांचा कोरडेपणा मग आड येणार नाही.

वसईची_केळ

सासष्टीकरांनी आंबवणाचा मुद्दा काढला म्हणून सांगते, आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांतले फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, हेही पूर्वी ताडीवरच फुगत.

मला मात्र एक वेगळा जिन्नस सुचवायचा आहे. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी हे वसईचे खास उत्पादन आहे. आज ती करणारी घरे थोडीच उरली आहेत, कारण राजेळीच्या बागाही कमी झाल्या आणि उन्हाळ्यात रोज वाळवण घालण्या-काढण्याचे कष्ट करायला माणसेही मिळत नाहीत. फणसाच्या डॅनिशमध्ये पाणी कसे कमी केले ते वाचताना मनात आले की सुकेळीत ते काम उन्हाने आधीच केलेले असते. ती मधासारख्या रंगाची, चिवट आणि दाट गोडीची असते. बारीक चिरून, लोण्यात परतून, लिंबाचा थेंब देऊन ती पापुद्र्यांत भरली तर साखर घालावीच लागणार नाही. आमच्याकडे नाताळच्या केकात काही जणी मनुकांबरोबर ती घालतात आणि केक कापल्यावर सर्वांत आधी तोच भाग संपतो. अशा गाड्यांनी सुकेळीला गिऱ्हाईक मिळवून दिले, तर ती करणाऱ्यांच्या कष्टाला थोडा तरी मोबदला मिळेल.

वऱ्हाडी_सावली

नागपूरच्या संत्र्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिणे भाग आहे.

संत्र्याची पेस्ट्री म्हणून आमच्याकडे जे मिळते, त्यात बहुधा रस किंवा रंग-इसेन्स असतो. रस भाजला की त्याचा ताजेपणा जातो आणि नुसता आंबटगोडपणा उरतो. संत्र्याचा खरा वास सालीतल्या तेलात असतो. आमच्या संत्र्याची साल सैल असते, हाताने सहज सुटते, त्यामुळे ती भरपूर मिळते आणि भरपूर फेकलीही जाते. तीच साल बारीक किसून साखरेबरोबर हाताने चोळावी, म्हणजे तेल साखरेत उतरते, आणि ती साखर लोण्यात फेसावी. आतला पांढरा भाग मात्र घेऊ नये, तो कडू असतो. पाकातली साल घालायची असल्यास आधी २-३ पाण्यांतून उकळून तिचा कडवटपणा काढावा लागतो. पुण्याच्या गाड्याला आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून मिळतील. म्हणजे फणस-कोकम संपल्यावर आणि पुन्हा येण्याआधी मधला काळ भरून निघेल.

सिंगापूरकर_मराठी

इथे सिंगापुरात शेजारच्या बेकरीत पांडानच्या पानाचा हिरवा केक रोज मिळतो आणि मी त्याचा वास पहिल्यांदा घेतला तेव्हा मला घरच्या आंबेमोहोर भाताची आठवण झाली. पुढे वाचनात आले की पांडान आणि सुवासिक तांदूळ यांच्यात तो वास देणारे द्रव्य एकच असते. इथले लोक पानाचा रस नारळाच्या दुधात मिसळून केकात घालतात, कारण तो वास स्निग्ध पदार्थात चांगला धरून राहतो. मावळातल्या आंबेमोहोराची कणी दुधात आणि नारळाच्या दुधात मंद शिजवून, गाळून, तिचे दाट कस्टर्ड कोणी टार्टमध्ये भरले तर? आपल्याकडे तांदळाचा सुवास आपण फक्त ताटात अनुभवतो. नाचणीच्या पारीत आंबेमोहोराचे कस्टर्ड आणि वर आंब्याच्या फोडी, ही कल्पना त्या जावांपर्यंत पोहोचवावी ही विनंती.

ताम्हणकाठ

धागा वाचून या रविवारी डहाणूकर कॉलनीत गेलो होतो. कोकम टार्ट, फणस आणि पुरण असे तिन्ही आणले.

फणसाच्या डॅनिशबद्दल धागाकर्तीचे शब्द न् शब्द पटले. आमच्या आईंचे वय ८१ आहे, माहेर लांज्याचे. त्यांनी पहिला घास घेतल्यावर विचारले की बरका कोणत्या झाडाचा आहे. यापेक्षा मोठी पावती मी देऊ शकत नाही. कोकम टार्टमध्ये मला गोडी किंचित जास्त वाटली. पुरणाबाबत माझे मत बदललेले नाही, आणि सासष्टीकरांची थरावर थर भाजण्याची सूचना मला अतिशय योग्य वाटते. माझा आक्षेप आता असा राहतो की या गाड्याने पुरणासारख्या आधीच परिपूर्ण असलेल्या पक्वान्नाच्या वाटेला जाण्यापेक्षा सुकेळी, रातांबे, सालीचे तेल अशा जिनसांवर भर द्यावा, ज्यांना आपल्या स्वयंपाकघरात अजून पुरेसे रूप मिळालेले नाही.

कोथरूडकरीण

ताम्हणकाठ, आईंची प्रतिक्रिया मी धाकट्या जाऊबाईंना जशीच्या तशी सांगितली. बरका त्यांच्या स्वतःच्या परसातला आहे.

आपण सर्वांनी केलेल्या सूचनाही आज दोघींना वाचून दाखवल्या. पुरणाच्या डॅनिशला मागणी आहे म्हणून ती लगेच बंद करता येणार नाही, पण नारळाच्या दुधातल्या थरांचा एक छोटा साचा घरी करून पाहू असे त्या म्हणाल्या. संत्र्याची साल साखरेत चोळण्याची रीत त्यांनी लिहून घेतली. सुकेळी वसईहून कोणामार्फत मागवता येईल हे त्या विचारत होत्या. आंबेमोहोराच्या कस्टर्डबद्दल थोरल्या जाऊबाईंना शंका आहे, कारण शिजलेली कणी गार झाल्यावर घट्ट बसते आणि टार्टमध्ये ती फिरनीसारखी न राहता वडीसारखी होईल असे त्यांना वाटते.

टार्टची पारी ओली होऊ नये म्हणून त्या आतून कोकमतेलाचा पातळ हात देतात, हे मला आज कळले. कोकणात ज्याला भिरंडेल म्हणतात आणि टाचांच्या भेगांना लावतात तेच, अर्थात खाण्यासाठी शुद्ध केलेले. कोकमाच्या बियांचे हे तेल साध्या हवेत घट्ट असते, त्यामुळे पारी आणि सारण यांच्यामध्ये त्याचा पडदा तयार होतो. युरोपात चॉकलेटमध्ये कोकोबटरखेरीज ज्या ६ वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांना परवानगी आहे त्यांत हेही आहे. म्हणजे एकाच फळाचा रस सारणात आणि बीचे तेल पारीत.

भट्टीवाला, एक प्रश्न आपल्यासाठी त्यांनी मुद्दाम दिला आहे. मृग लागला की मेतकुटाच्या काड्या तासाभरात सादळतात. डब्यात ठेवूनही फरक पडत नाही. काय करावे?

भट्टीवाला

काड्या गरम असताना डब्यात भरत असतील तर आधी ते थांबवावे, कारण आतली वाफच त्यांना सादळवते. भट्टीतून काढल्यावर जाळीवर पूर्ण निवू द्याव्यात, ट्रेवर ठेवू नयेत. पावसाळ्यात आम्ही खारी दोनदा भाजतो. पहिल्यांदा फुगून रंग धरेपर्यंत, आणि मग आच १२० अंशांवर आणून आणखी २०-२५ मिनिटे, आतले पाणी निघून जाईपर्यंत. मेतकूट आत असल्यामुळे या आचेला ते करपणार नाही. गिऱ्हाइकाने घरी नेलेल्या काड्या मऊ पडल्या तर १५० अंशांच्या ओव्हनमध्ये ५ मिनिटे ठेवून बाहेर निववाव्यात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या तव्यावर जाळी ठेवून, वर झाकण न घालता. खोबऱ्याच्या पॅटिसला मात्र पावसात यातले काहीच लागू पडत नाही. ती त्यांनी आषाढ-श्रावणात बंद ठेवावी, किंवा ओल्या खोबऱ्याऐवजी भाजलेले सुके खोबरे आणि गुळाऐवजी पिठीसाखर घेऊन करावी.